चतुःसीमा व सीमाचिन्हें : एक परीक्षण

सातारा-सांगलीकडील जुन्या दप्तरांच्या नकला पाहतां एक उणीव वारंवार नजरेस येते. शिक्का, मोर्तब, वंशावळ हीं बारकाईनें उतरून घेतलेलीं असतात. परंतु चतुःसीमेचा मजकूर आला कीं 'पुढें चतुःसीमा' एवढेंच लिहून नक्कलकार मोकळा होतो. हद्दीची खरी खूण इंग्रजी पाहणीनें आणली, तत्पूर्वींची सीमा म्हणजे केवळ लेखनरूढि, ही समजूत याच्या मुळाशीं आहे. तिची परीक्षा होणें अवश्य आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमानिर्णयास ज्येष्ठमास सांगितला आहे, कारण त्या वेळीं बांध उघडे दिसतात. वड, पिंपळ, पळस, सांवरी हे वृक्ष, तळीं, विहिरी व देवालयें या प्रकट खुणा होत. सीमेविषयीं लोकांचा नित्य भ्रम होतो, म्हणून दगड, हाडें, तूस, राख, खापऱ्या, विटा, कोळसे या गुप्त खुणाही पुरून ठेवाव्या, असें तेथें म्हटलें आहे. याज्ञवल्क्य वारुळाचीही गणना करतो. शिवेवर खापऱ्या व कोळसे सांपडतांच जुनी वस्ती मानणाऱ्या संशोधकांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

तथापि पाहणी स्मृतींतच होती, असें म्हणणें ही दुसऱ्या टोकाची अतिशयोक्ति होय. इंदापुराकडे १८३५-३६ त सुरू झालेली व गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालानें स्थिरावलेली पद्धति निराळी आहे. सातारचें राज्य १८४८ त खालसा झाल्यावर ती इकडे आली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची सांखळी. सांखळीचा चौरस तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. तिनें शेतास नंबर व नकाशा दिला. कोपऱ्याचा दगड हरवला तरी नकाशावरून तो पुन्हा बसवितां येतो. स्मृतींतील खूण मात्र सामंत, वृद्ध व गोप यांच्या साक्षीवांचून मुकी आहे. गांवगाड्यांत शिवेची माहिती ठेवणारा महार हाच त्या साक्षीचा वारसदार होता. भेद आहे तो एवढाच, पण मोठा आहे.

मग नकाशा असतां चतुःसीमेचें काय प्रयोजन? १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वयें ज्या गांवीं योजना झाली, तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. शिवाय तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके १९४९ त सातारा जिल्ह्यांतून निघून दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेले. १९६० त त्यासच सांगली हें नांव मिळालें. नंबर बदलले, जिल्हा बदलला. ओढा, विहीर व शेजाऱ्याचा मळा मात्र कागदांत तसेच राहिले. जुना कागद आजच्या भूमीवर बसविण्यास तोच आधार उरतो.

शिलासंग्राहकांसही एक विनंति आहे. गधेगाळ म्हणजे दानभंग करणारास दिलेला शाप; प्रत्येक गधेगाळ सीमाशिला नव्हे, आणि प्रत्येक सीमाशिलेवर अक्षरें नसतात. म्हणून अनगड धोंडाही जागचा हलवूं नये. शिवेवरून उचललेला दगड वाड्याच्या अंगणांत आला कीं तो दगडच राहतो. त्याचें प्रमाण त्याच्या स्थानांत असतें. हलविणें अपरिहार्यच झाल्यास प्रथम स्थान, दिशा व लगतचे गट लिहून ठेवावे. नक्कलकारांनींही चतुःसीमा अक्षरशः उतरावी.