पडद्यावरचे चित्र आणि आपला रंग

दलित साहित्याने शब्द मिळविला, परंतु चित्र मात्र दुसऱ्याच्या हाती राहू दिले, अशी माझी जुनी तक्रार आहे. कविता आली, कथा आली, आत्मकथने आली. आपली समीक्षाही आपण उभी केली. चित्राच्या बाबतीत काय केले? तसबीर विकत आणली, भिंतीवर टांगली, हार घातला. अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके अडकविलेला माणूस चित्रात आणला. मुंबईचे विक्रांत भिसे आज चळवळीचीच चित्रे रंगवीत आहेत. पण ही कलाशाळा पाहिलेल्या चित्रकारांची गोष्ट झाली. ज्याच्या घरात रंगाची पेटी कधी आलीच नाही, त्याने चित्र कोठून सुरू करावयाचे, हा प्रश्न आपल्या नियतकालिकांनी फारसा विचारलेला नाही. मला तो विचारावा लागतो, कारण वरसे आणि रोह्याच्या आसपासच्या वाड्यांतील मुले मोबाइलवर काढलेली चित्रे घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, 'सर, बघा ना, जमलंय का?' मी साहित्य शिकवतो, चित्रकला नव्हे. तरीही बघतो.

आमच्या पिढीत चित्रकलेचा उंबरठा पैशाचा होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या परीक्षा. त्यांना पोस्टर रंगांच्या बाटल्या हव्यात, कुंचले हवेत, बोर्ड हवा. मी शिकलो त्या शाळेत रंग नसलेल्या मुलाला त्या तासाला बाकाच्या शेवटच्या रांगेत बसवीत. मी तेथे दोन वर्षे बसलो. पण पैशापेक्षाही वाईट होती ती कागदाची भीती. कागद एकच आहे, रेघ चुकली तर तो फुकट जाईल, ही धास्ती हातात उतरत असे आणि हात आखडत असे. ज्याच्या घरी कागदाचे दस्ते आहेत तो बेफिकीर रेघ ओढतो; मग त्या बेफिकिरीलाच गुरुजी 'प्रतिभा' म्हणतात.

पडद्यावर ही भीती उरत नाही. चुकलेली रेघ एका टिचकीने मागे घेता येते. 1963 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' करून पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढून दाखविली, तेव्हा त्यासाठी प्रयोगशाळेतला अवाढव्य संगणक लागत होता. आज हप्त्यावर घेतलेल्या फोनवर ते होते. 'आयबिसपेंट' जाहिराती सोसल्या तर फुकट मिळते. संगणक असेल तर 'क्रिता' पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे. ज्यांना ज्ञानाच्या दारातच अडविले गेले, त्यांच्या मुलांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून 'बोटाने काच घासणे म्हणजे काय चित्र?' असे म्हणणाऱ्या कलावंतांशी माझे जमत नाही.

मात्र साधन फुकट मिळाले म्हणजे दृष्टीही फुकट मिळते असे नाही. बोटाला दाब नसतो. दाबाप्रमाणे जाड-बारीक होणारी रेघ हवी तर दाब ओळखणारी लेखणी हवी, ती महाग. तेव्हा बोटाने सुरुवात करणाऱ्याने नाजूक छटांच्या मागे न लागता ठळक, सरळ, भरीव आकार काढावेत. भिंतीवर घोषणा रंगविणाऱ्यांना ही रीत ठाऊक आहे. थर वेगळे ठेवावेत: खाली कच्ची रेघ, वर पक्की, रंग तिसऱ्यावर. आणि कॅनव्हास आधीच मोठा घ्यावा. ए-फोर कागदावर नीट छापावयाचे तर 2480 गुणिले 3508 ठिपके लागतात. मुले लहानशा चौकोनात चित्र काढतात, ते व्हॉट्सअॅपवरून आणखी दाबून पाठवितात, आणि जयंतीच्या फ्लेक्सवर चेहरा चौकोनी ठिपक्यांत फुटला की छापणाऱ्याशी भांडतात.

पहिले चित्र कोणाचे? अर्थात बाबासाहेबांचे. आणि ते कसे? खालच्या थरावर फोटो ठेवून गिरवून. याला हसणारे पुष्कळ आहेत. मी हसणार नाही. अक्षरे आपण पाटीवर गिरवूनच शिकलो. पण गिरवण्याने फक्त कडा हाती येतात. त्यानंतर रंग भरण्याची वेळ येते, आणि तेथे नवशिका प्रथमच एकटा पडतो; कारण बाबासाहेबांची आपल्या समोरची छायाचित्रे कृष्णधवल आहेत. ती त्वचेचा रंग सांगत नाहीत. ज्याने ज्याने तसबीर रंगविली, त्याने त्याने तो रंग ठरविला. बाजारातल्या कितीतरी तसबिरींत तो गुलाबी-गोरा का ठरला?

नवशिक्यांसाठीचे धडे याला मदतच करतात. त्वचेच्या रंगाचे तयार ताट उघडावे तर पहिल्या चार घरांत फिकट पीच बसलेला असतो. गडद रंग जणू राखीव जागेवर शेवटी. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या खडूंत एका फिकट खडूचे नावच 'मांसरंग' होते. ते 1962 साली बदलून 'पीच' केले गेले. नाव बदलले, ताटातली जागा किती बदलली? फोनचा कॅमेराही न विचारता चेहरा उजळवून देतो. आणि 2022 पासून तर वाक्य लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रेच आली. तो चेहरा कोणाच्या चित्रांच्या ढिगातून उपसला, हे विचारण्याचीही सोय नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने तयार ताट बाजूला सारले. तिचे वडील धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. तिने उन्हात त्यांच्या हाताचा फोटो घेतला, त्यातून रंग उचलला, आणि त्याच रंगाने बाबासाहेबांचा चेहरा भरला. सावलीत तिने काळा ओतला नाही, जांभळट तपकिरी घातला. कपाळावर उजेडाला पिवळसर. चित्र म्हणून त्यात दोष आहेत. चष्म्याची डावी काच वाकडी आहे, आणि कोटाच्या घड्या तिने पाहिलेल्या नाहीत, कोठून तरी उचललेल्या आहेत. पण चेहरा जिवंत आहे.

वाडीतल्या मंडळाच्या बैठकीत ते फोनवर फिरले तेव्हा एक वृद्ध म्हणाले, 'काय गो पोरी, साहेबांना काळं केलंस?' ती म्हणाली, 'आजोबा, काळं नाही केलं. आपल्यासारखं केलं.' त्यावर ते जे बोलले त्याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही. ते म्हणाले, 'आम्ही लहानपणी रंगावरून शिव्या खाल्ल्या. साहेबांना तरी त्यातून सोडवा.'

हे अज्ञान आहे असे म्हणून पुढे जाणे प्राध्यापकाला सोपे आहे. मी ते म्हणणार नाही. त्या गोऱ्या तसबिरीत एका पिढीने स्वतःचा अपमान पुसला आहे. पण पुसण्यासाठी वापरलेले फडके अपमान करणाऱ्याच्या घरचे होते, हेही खरे. काळा रंग हीन, हा निवाडा मान्य करूनच ती तसबीर उजळते. आमच्या लेखकांनी शिष्टांच्या भाषेत स्वतःला उजळून घेण्यास नकार दिला, गावकुसाबाहेरची बोली छापली, तेव्हाही आपल्यातीलच वडीलधारे म्हणाले होते की हे कशाला चव्हाट्यावर मांडता. त्या नकारामुळे साहित्य उभे राहिले. चित्रालाही तो नकार द्यावाच लागेल, आणि मी त्या मुलीच्या बाजूने आहे. फक्त आजोबांच्या बोलण्याने मला त्या रात्री झोप लागली नाही, एवढे नमूद करतो.

निळ्याचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. पडद्यावरचा झगझगीत निळा हा प्रकाश असतो. छपाईच्या चार शाईंत तो मावत नाही, मळकट किंवा जांभळट उतरतो. तिचा निळा कोट छापून आला तेव्हा ती रडकुंडीला आली. तपकिरी चेहरा मात्र जसाच्या तसा उतरला होता.

तिचे दुसरे चित्र चवदार तळ्याचे आहे, आणि त्यावर माझी टीका अधिक कडक आहे. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली; आजचा रायगड म्हणजे तोच कुलाबा जिल्हा, नाव 1981 साली बदलले. पाण्याकडे वाकलेले बाबासाहेब तिने मन लावून काढले. आणि मागचा जमाव? एक डोके काढले, त्याची नक्कल केली, चिकटवली, पुन्हा चिकटवली. एकाच मुंडाशाची साठ डोकी. यंत्राने सोय दिली आणि तिने ती घेतली. मी तिला विचारले, यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे कोणते? ज्यांनी परिषद भरविण्यासाठी वणवण केली ते? आणि आपल्या तालुक्यातून कोणी गेले असतील ते? एकाचाही चेहरा नाही. जमाव एकाच ठशाचा दाखविणे ही प्रस्थापितांची आपल्याकडे पाहण्याची जुनी सवय आहे. ती आपल्या हाताने, आपल्याच सत्याग्रहाच्या चित्रात उतरावी?

ती म्हणाली, 'सर, माणसं काढता येत नाहीत मला. शरीराची मापं चुकतात.' पुन्हा तोच धडा: आठ डोक्यांचा देह, दूर जाणाऱ्या रेषा. मी तिला 'भीमायन' वाचावयास दिले. 2011 च्या या पुस्तकात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे आयुष्य काढले आहे. माणसांना चौकटींच्या पेटीत कोंडावयाचे त्यांनी नाकारले. कठोर बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी दिली, मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार. तेथे मापे चुकलेली नाहीत, मापेच वेगळी आहेत. मात्र त्यांचीही नक्कल करू नकोस, असे मला तिला बजावावे लागले, कारण आठवड्याभरात तिच्या फोनवर विंचू दिसू लागले.

आता तिने ती साठ डोकी खोडली आहेत. वाडीतल्या म्हाताऱ्या बायांकडे बसून ती एकेक चेहरा काढते. कपाळाच्या आठ्या, गेलेले दात, कानाची फाटलेली पाळी. अकरा झाले आहेत. त्यांतला एक त्या आजोबांचा आहे. तो काढून घेताना त्यांनी तिला एकच विचारले, रंग कोणता लावणार आहेस?