जादूगार किती? आधी छेद सांगा

संशोधन प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात बरेच जण लिहितात, 'ही समस्या मोठ्या प्रमाणावर आढळते.' त्यावर विचारलं जातं: मोठ्या म्हणजे किती? कशापैकी? कुठे मोजलं? आज या तीन प्रश्नांची उजळणी एका खेळाच्या नियमपुस्तकावर करूया.

खेळ आहे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे. एक जण जगाची गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. तिसऱ्या आवृत्तीचं, गोष्ट सांगणाऱ्यासाठीचं पुस्तक 2000 साली आलं. लेखक माँटी कुक. त्यात कुठल्याही गावात कोण किती राहतात हे ठरवायची रीत दिली आहे. म्हणजे 'या जगात जादूगार किती?' याचं आकड्यांत उत्तर. हे धाडस मला आवडतं. अद्भुत कथा बहुतेक वेळा 'जादू दुर्मिळ होती' एवढं म्हणून सुटतात. आकडा दिला की तो तपासता तरी येतो.

रीत अशी. विझर्ड म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेला. वस्तीतल्या सर्वांत वरच्या विझर्डची पातळी चार बाजूंच्या फाशावर ठरते, त्यात वस्तीच्या आकाराप्रमाणे बेरीज किंवा वजाबाकी. मग त्याच्या निम्म्या पातळीचे दोन, त्यांच्या निम्म्या पातळीचे चार, असं पहिल्या पातळीपर्यंत उतरायचं. 901 ते 2,000 वस्तीच्या लहान गावात बेरीज शून्य. मी हिशेब केला (निम्मं करताना अपूर्णांक सोडला), तर सरासरी साडेतीन विझर्ड येतात. 25,000 च्या वरच्या महानगरात फाशात 12 मिळवायचे आणि हे सगळं चार वेळा करायचं. सरासरी 76.

गंमत पुढे आहे. महानगर ही शेवटची पायरी. शहर 25,001 चं असो की मुंबईसारखं कोटीभर वस्तीचं, विझर्ड 76 च. पहिल्यात साधारण 330 माणसांमागे एक, दुसऱ्यात सव्वा लाखाहून जास्त माणसांमागे एक. अंश गोठला, छेद वाढत गेला. जिथे ग्रंथालयं, गुरू आणि पैसा असणार, तेच शहर या तक्त्यात जादूला सगळ्यांत पारखं ठरतं.

दुसरी अडचण व्याख्येची. अशी खास पात्रं मोजून झाली की उरलेल्या लोकांत 91 टक्के सामान्यजन, 5 टक्के शिपाईगडी, 3 टक्के कसबी, अर्धा टक्का उमराव आणि अर्धा टक्का अडेप्ट. हे अडेप्टही थोडीफार जादू करतात! लाखाच्या शहरात ते जवळपास 500 होतात. मग जादूगार 76 की पावणेसहाशे? शिवाय देवाच्या कृपेने जादू करणारे पुरोहित वेगळेच. 'जादूगार' म्हणजे कोण, हे ठरवल्याशिवाय उत्तर नाही.

हे खेळापुरतंच नाही. मी राहतो त्या भागाचं उदाहरण घ्या: शीव कोळीवाड्यात कोळी किती टक्के? जुना कोळीवाडा छेदात घेतला तर एक उत्तर. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांची वस्ती धरून सगळा परिसर घेतला तर दुसरं. सायन कोळीवाडा विधानसभा मतदारसंघ घेतला तर तिसरं. अंशातही घोळ आहेच: कोळी समाजात जन्मलेले मोजायचे, की आज मासेमारीवर पोट असलेले?

तिसरा प्रश्न, कुठे मोजलं. खेळणाऱ्यांना वाटतं, या जगात पावलोपावली जादूगार आहेत. वाटणारच, कारण गोष्ट त्यांना तिथेच नेते. शेतात नांगर धरणाऱ्या 91 टक्क्यांच्या घरी ते कधी जातात? शीव रुग्णालयाच्या ओपीडीच्या रांगेत उभं राहून शहरात एखादा आजार किती आहे हे सांगणं याच जातीचं. तो आकडा तिथवर पोचलेल्यांचा. त्याच्यावर वस्तीतल्या औषधांचं आणि परिचारिकांचं नियोजन केलं, तर ज्यांचा रोज बुडतो म्हणून जे आलेच नाहीत, ते हिशेबातूनच गळतात. इथे चूक महाग पडते.

मग कुक यांचा तक्ता वाईट का? खेळाचं साधन म्हणून अजिबात नाही. 'आज रात्री या गावात शापावर उतारा देणारं कोणी भेटेल का?' याचं उत्तर तो दोन मिनिटांत देतो. जनगणना म्हणून वापरला की कोलमडतो. साधन कुठल्या प्रश्नासाठी बनलं, हे पाहूनच त्याला गुण द्यावेत. कोणाचीही प्रश्नावली उसनी घेताना हे आधी बघा.

आता सराव. 81 ते 400 वस्तीच्या वाडीत फाशातून 2 वजा करायचे. शून्य किंवा कमी आलं तर विझर्ड नाही. सरासरी किती? (उत्तर: 1.) आता 81 जणांच्या वाडीची टक्केवारी काढा आणि महानगराशी ताडून बघा. त्यानंतर आपल्या प्रस्तावातलं 'मोठ्या प्रमाणावर' खोडा, आणि तिथे अंश, छेद आणि मोजल्याची जागा लिहा.