उजळणारी कळ

मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीच्या शिवारात आणि भंडारदऱ्याभोवतीच्या रानात हिरड्या-बेहड्याची, सादड्याची झाडे काजव्यांनी लगडतात, एका लयीत उजळतात आणि विझतात. अहिल्यानगर जिल्ह्याचे हे वैभव पाहायला दूरदूरचे रसिक येतात. आपण मात्र आज सगळे झाड बाजूला ठेवून एकाच काजव्यापाशी थांबू. त्याच्या पोटाखालच्या पिवळसर-हिरव्या ठिणगीत ल्युसिफेरिन हा कार्बनी रेणू प्राणवायूशी संयोग पावतो, उत्तेजित होतो आणि निवताना ती ऊर्जा प्रकाशरूपाने देऊन टाकतो. त्याहून मोठी मौज अशी की मज्जातंतूची आज्ञा येताच प्राणवायूची वाट क्षणभर मोकळी होते, तेवढीच ठिणगी. वाट मिटली की अंधार. दिवा आणि दिव्याची कळ एकाच इवल्या देहात नांदतात.

आता हातातल्या ओएलईडी पडद्याकडे पाहा. कार्बनी रेणू इथेही उजळतात, पण त्यांना किती विद्युतधारा द्यायची हे ठरवणारे ट्रान्झिस्टर त्यांच्यामागे वेगळे दडलेले असतात. ही फारकत मिटवून कळीलाच उजळवावे, हे स्वप्न २००३ मध्ये जर्मन संशोधकांच्या हाती लागले. चार बेन्झीन-कडी एका ओळीत गुंफलेल्या टेट्रासीनचा पातळ थर त्यांनी सोन्याच्या इलेक्ट्रोडांमध्ये पसरला आणि सेंद्रिय ट्रान्झिस्टर हिरवा उजळला. मात्र त्यातून धनभाराचे होलच काय ते सहज वाहत, ऋणभाराचे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून तो प्रकाश एका इलेक्ट्रोडच्या काठाला बिलगूनच राहिला.

माझे मन खरे रमते ते २००६ च्या केंब्रिजमधल्या प्रयोगात. याना झाउमझाइल, रिचर्ड फ्रेंड आणि हेनिंग सिरिंगहाउस यांनी अशी रचना साधली की एका टोकाने इलेक्ट्रॉन निघावेत, दुसऱ्या टोकाने होल. एकाच बांधावरून समोरासमोर चालत आलेल्या दोन वाटसरूंसारखी त्यांची गाठ मध्येच कुठेतरी पडावी, आणि जिथे गाठ पडेल तिथेच प्रकाश जन्मावा. सूक्ष्मदर्शकाखाली तो एका बारीक, तेजस्वी रेषेसारखा दिसतो. गेट या नियंत्रक इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज हळूहळू बदला, ती रेषा एका काठावरून निघून दोन इलेक्ट्रोडांमधले पात्र ओलांडत दुसऱ्या काठाला जाते. प्रकाश किती हवा हे ठरवणारी साधने आपण पुष्कळ पाहिली आहेत. प्रकाशाने कुठे जन्मावे हे ठरवू देणारे साधन विरळा, आणि मला तर या साऱ्या शास्त्रातले सर्वात देखणे दृश्य हेच वाटते.

या रेषेला आणखी ऐसपैस जागा दिली ती इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी, २०१० मध्ये. त्यांनी तीन थर एकावर एक रचले: एकातून होल वाहतात, दुसऱ्यातून इलेक्ट्रॉन, आणि या दोहोंच्या मधल्या थरात दोघांची भेट होते. वाहत्या विद्युतभारांची गर्दी आणि धातूचे इलेक्ट्रोड हे दोन्ही प्रकाश गिळतात, म्हणून त्याचे जन्मस्थान दोन्हींपासून दूर नेले. तिन्ही थरांची मिळून जाडी साठेक नॅनोमीटर, पण एवढ्याशा जागेत प्रकाशाला एकांत मिळाला, आणि त्याच द्रव्यांच्या ओएलईडीपेक्षा कार्यक्षमता सुमारे शंभरपट भरली. कार्यक्षमतेचा हा आकडा तसा ५ टक्केच आहे. पण तो मिळाला नव्या रसायनाने नव्हे, नुसत्या मांडणीने, हे ध्यानी घेतले की त्याची गोडी कळते.

अजून हा ट्रान्झिस्टर काचपेटीतला लाडका आहे. हवेतला प्राणवायू आणि ओलावा लागला की त्याची द्रव्ये कोमेजतात. म्हणून त्याला नायट्रोजनभरल्या पेटीत घडवतात आणि वरून मोहोरबंद करतात. अकोल्याच्या रानातला काजवा मात्र त्याच प्राणवायूवर, दमट हवेतच, आपली कळ उघडतो आणि मिटतो.