ताराबाईंचा तराजू

गेल्या उन्हाळ्यात बुलढाण्यात महिला सरपंचांच्या एका प्रशिक्षण शिबिरात बोलण्याचे मला निमंत्रण आले. मी आयुष्यभर मराठी शिकवले. ग्रामपंचायतीचा कारभार माझ्या वाट्याला कधी आला नाही. मला अर्धा तास दिला होता आणि तोही जेवणानंतरचा, यावरून कार्यक्रमपत्रिकेतले माझे स्थान वाचकांच्या लक्षात यावे. माझ्याआधी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रशिक्षकांचे सत्र झाले. विषय होता ‘अनिश्चित काळातील स्व-नेतृत्व आणि अस्सलपणा’. पडद्यावर एकेक वाक्य येत होते: आधी स्वतःचे नेतृत्व करा, आतला आवाज ऐका, आपली कहाणी निर्भयपणे सांगा, लोक आपोआप मागे येतील. बायका वहीत उतरवून घेत होत्या. बाहेर लिंबाच्या सावलीत मोटारसायकली लावून त्यांचे यजमान बसले होते. मध्येच एखादीचा फोन वाजे, ती उठून बाहेर जाई, फोन यजमानांच्या हाती देई आणि परत येऊन पुढचे वाक्य लिही.

प्रशिक्षकांची चेष्टा करावी म्हणून हे लिहीत नाही. माणूस कळकळीने बोलत होता. पण ‘अस्सल नेता’ ही कल्पना कुठून आली आणि ती आपल्या मातीत कितपत रुजते, हा प्रश्न त्या दुपारपासून माझ्या मागे लागला आहे. त्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा त्याच पुस्तकाकडे आलो, ज्याच्याविषयी त्या दिवशी मला अर्ध्या तासात बोलायचे होते: ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’.

आधी त्या कल्पनेविषयी थोडक्यात. अमेरिकेतील उद्योगसमूहांचे मोठे आर्थिक घोटाळे उघडकीस आल्यानंतर, 2003 साली, बिल जॉर्ज या तिथल्याच एका निवृत्त कंपनीप्रमुखांचे अस्सल नेतृत्वावरचे पुस्तक आले आणि पुढे व्यवस्थापनाच्या शाळांत हा शब्द रुळला. म्हणजे या कल्पनेचा उगम विश्वास उडालेल्या काळात आहे. तिथवर ती समजण्यासारखी आहे. पण साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द आधीपासून ओळखीचा असतो. लायोनेल ट्रिलिंग यांनी 1972 च्या आपल्या व्याख्यानग्रंथात प्रांजळपणा आणि अस्सलपणा यांत फरक केला होता. जे मनात तेच ओठांवर, हा प्रांजळपणा. अस्सलपणाची मागणी त्याहून कडक आणि त्याहून निसरडी. निसरडी अशासाठी, की अस्सलपणाचा पुरावा देणारा साक्षीदार एकच असतो, आणि तो स्वतः आरोपीच असतो. नेता म्हणतो, ‘मी असा आहे’. आपण टाळ्या वाजवतो.

आता ताराबाई. बुलढाणा गाव घाटावर. आगगाडी घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी निघून जाते. 1853 नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि हे थंड हवेचे गाव जिल्ह्याचे ठिकाण बनले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे येथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. 1881 साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, लोकलाजेच्या भीतीने आपले नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आली. या प्रकरणाच्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ने समस्त स्त्रीजातीच्या बदफैलीपणावर झोड उठवली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी हे लहानसे पुस्तक लिहिले. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या 500 प्रती छापल्या. किंमत नऊ आणे.

तो काळही अनिश्चितच होता. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ नुकता सरला होता. ‘केसरी’ सुरू होऊन वर्ष झाले होते. 1882 मध्येच पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन मांडले. या सगळ्या नावांमागे सभा, पत्र, समाज, काही ना काही उभे होते. ताराबाईंच्या मागे घरापलीकडे फारसे काही नव्हते. घर मात्र होते, हे विसरून त्यांना एकाकी वीरांगना बनवण्याची जी हौस आपल्याकडे आहे ती मला खटकते. शिकवणारा बाप आणि सत्यशोधकी वारा नसता तर हे पुस्तक नसते.

आणि तरी पुस्तक वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की लेखिका स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. प्रस्तावनेत आपण मराठा घरच्या चालीरीतींत कोंडलेली, अल्पबुद्धीची बाई आहोत आणि हा आपला पहिलाच लेखनप्रयत्न आहे, अशी क्षमायाचना येते. तीही त्या काळच्या शिष्टाचाराला धरून. पुढे आपले लग्न, आपले दुःख, आपला अनुभव, काही नाही. शिबिरातल्या त्या वाक्याप्रमाणे पाहिले तर ताराबाई नापास होतात. त्यांनी आपली कहाणी सांगितलेलीच नाही. मग या पुस्तकाचा जो दाब आजही छातीवर येतो, तो कशाचा?

माझे उत्तर त्यांच्या शीर्षकात आहे. ‘तुलना’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातली तुला, म्हणजे तराजू, आपल्याला दिसेनासा झाला आहे. ताराबाई अक्षरशः तराजू घेऊन बसतात. स्त्रीला धाडस, कपट, संशय अशा दुर्गुणांचे माहेरघर ठरवणारे एक जुने संस्कृत सुभाषित त्या समोर ठेवतात आणि एकेक दुर्गुण उचलून पारड्यात टाकतात. बाई साहसी? ठीक, मग पुरुषाच्या साहसाचे वजन किती? बाई कपटी? मग कोर्टकचेऱ्या, लाचलुचपत, विश्वासघात कोण करते? बायका निर्दोष आहेत असा दावा त्या करत नाहीत. त्यांचा आग्रह एवढाच की वजने दोन्हीकडे सारखी वापरा. सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली; बायकोसाठी यमाच्या दारात गेलेला नवरा कोणी पाहिला आहे का, हा त्यांचा प्रश्न आज विनोदासारखा वाटतो, पण तो हिशेबातला प्रश्न आहे. नवरा मेला की बाईने केस, कुंकू, चांगले वस्त्र सगळे टाकायचे. बायको मेली की पुरुषाने काय टाकायचे? पुराणांतील देव आणि ऋषीही या तराजूतून सुटत नाहीत.

भाषा घरातली आहे. पुरुषांना थेट ‘अरे-तुरे’, म्हणी, शिव्याशापाच्या काठावर जाणारे फटकारे, आणि मध्येच पोथीतला दाखला. समीक्षकांनी या रागाला कधी ‘भाबडा’ तर कधी ‘विस्कळीत’ म्हणून बाजूला सारले आहे. पुस्तक विस्कळीत आहे, हे मलाही मान्य. पण राग विस्कळीत नाही. तो दर वेळी त्याच काट्यावर परत येतो.

यातले सर्वांत धारदार भाग मला ते वाटतात जिथे तराजू सुधारकांकडे वळतो. सभा भरवणारे, व्याख्याने झोडणारे, आणि घरी जाऊन जुन्याच वाटेने चालणारे पुरुष ताराबाई नेमके ओळखतात. स्वतः पागोटे टाकून कोट-पाटलोण घालणाऱ्यांनी बायकांना स्वधर्म शिकवावा, यावर त्यांनी उडवलेली टर अजून ताजी आहे. इथे महाराष्ट्राला एक ठसठसणारे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी 1873 मध्ये वारली; त्याच वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. पुढे पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. मी रानड्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्यांना आपली घसरण ठाऊक होती, त्यांनी टीका मुकाट्याने सोसली, आणि त्या मुलीला शिकवले. तीच पुढे रमाबाई रानडे म्हणून उभी राहिली. प्रांजळपणात ते कमी नव्हते. कमी पडले ते मापात: दुसऱ्याच्या मुलाने विधवेशी लग्न करताना बापाचा रोष सोसावा असे ज्या मापाने सांगितले, ते माप स्वतःच्या दारात आल्यावर बदलले. अस्सलपणा हा मनाच्या खोलीत शोधण्याऐवजी या मापात शोधावा, असे मला ताराबाईंमुळे वाटू लागले आहे. मनाचा तळ आपल्याला दिसत नाही. माप चारचौघांना दिसते.

मग ताराबाईंचे स्वतःचे माप? ते दोन-तीन ठिकाणी डळमळते, आणि गौरवलेखांत नेमकी तीच ठिकाणे गाळली जातात. पतिव्रतेचा आदर्श त्या मोडत नाहीत. फक्त पत्नीव्रताचीही मागणी जोडतात. इंग्रजी राज्याची स्तुती करताना त्यांचा काटा फारसा हलत नाही. आपण विशिष्ट जातीकुळांचा विचार करत नसून केवळ स्त्री आणि पुरुष यांची तुलना करतो आहोत, असे त्या सांगतात. यामुळे ब्राह्मण विधवेसाठी एक मराठा स्त्री लढते, हे मोठेच घडते. पण रानात राबणारी, पाट लावणारी, जिला केशवपनाचा प्रश्नच नव्हता अशी बाई पारड्यात चढत नाही. फुल्यांच्या इतक्या जवळ असलेल्या घरात हे राहून जावे, याचे मला प्रत्येक वाचनात नवल वाटते. मात्र हेही खरे की त्यांनी फुल्यांची वाक्ये उसनी घेतली नाहीत. जेवढे पटले तेवढेच लिहिले.

पुस्तक आले आणि लोक मागे आले नाहीत. 1885 मध्ये फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा लेकीच्या मायेने उल्लेख केला आणि आपल्या सहकाऱ्यांना त्यांचे पुस्तक वाचायला सुचवले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे शांतता. 1975 साली स. गं. मालशे यांनी पुस्तक शोधून पुन्हा छापले. 1994 मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला, आणि आज जगभरच्या अभ्यासक्रमांत बुलढाण्याचे नाव या पुस्तकामुळे जाते. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र नाही. ‘आतला आवाज ऐका, लोक येतील’ या आश्वासनाचे काय करायचे, हा प्रश्न मला इथे टाळता येत नाही. आतला आवाज ऐकणाऱ्या बाईला पुढची अठ्ठावीस-तीस वर्षे याच घाटावर काढायची होती. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी पुढाऱ्यांची रीघ लागते; माईकवरून मातृशक्तीचा जयघोष होतो. ताराबाईंच्या वाट्याला असा दिवस नाही. एका अर्थी बरेच आहे. तराजू घेऊन बसलेल्या बाईला हार घालणे अवघड असते.

शिबिरात मी हे सगळे बोललो नाही. मी फक्त तराजूचे सांगितले आणि विचारले, तुमच्या गावात वजने सारखी आहेत का? थोडा वेळ कोणी बोलेना. मग चिखलीकडच्या एका सरपंचबाई म्हणाल्या, “ग्रामसभेत गप्प बसलं तर बाहुली म्हणतात, बोललं तर उद्धट.” दुसरीने भर घातली की पुरुष सरपंच चार जणांना विचारून ठरवतो तेव्हा तो सल्ला असतो, आणि बाईने घरी विचारले की ती सही करणारी असते. हे ऐकताना माझ्या लक्षात आले की ‘सरपंचपती’ हा शब्द आपण किती सहज घडवला. आमदाराच्या किंवा बाजार समितीतल्या पुढाऱ्याच्या इशाऱ्यावर चालणारे पुरुष सरपंच या जिल्ह्यात मी चांगले ओळखतो. त्यांच्यासाठी मराठीने एकही शब्द घडवलेला नाही. महाराष्ट्रात पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण आरक्षण फिरते, पुढच्या वेळी आपली जागा राहील की नाही ते माहीत नसते, आणि अविश्वास ठरावाची टांगती तलवार असतेच. या बायकांची अनिश्चितता कंपनीप्रमुखांच्या अनिश्चिततेहून वेगळी आहे. त्यांच्यापुढे आपला अस्सल चेहरा शोधण्याचा प्रश्न नाही. कुठलाही चेहरा केला तरी वजन खोटेच पडते, हा आहे.

शेवटी घाटाखालच्या एका बाईंनी हात वर केला.

“सर, मंग त्या ताराबाईचे मालक काय करत होते?”

“ते घरजावई होते, असं सांगतात,” मी म्हणालो.

सगळे सभागृह हसले. जेवणानंतरच्या सत्रात इतके जागे हसू मी ऐकले नव्हते. विचारणाऱ्या बाईंनी ते उत्तर वहीत लिहून घेतले. मग प्रमाणपत्रे वाटायची म्हणून आयोजकांनी मला बसायला सांगितले, आणि लिंबाखालची मंडळी फोटोसाठी आत आली. व्यासपीठ लहान होते. मागच्या रांगेत पुरुष उभे राहिले, आणि बायकांना पुढे सतरंजीवर खाली बसवले.