बदलीचे गाव आणि दूरचित्रवाणी

बदलीचा हुकूम हाती घेऊन, जेथे ओळखीचे माणूस नाही अशा गावी रुजू होणारा मनुष्य हा कथेचा जुनाच विषय आहे. गेल्या साडेतीन दशकांत दूरचित्रवाणीने तो इतका वापरला आहे की त्याचा साचाच पडून गेला. शहरात वाढलेला, काहीसा तुसडा गृहस्थ आडगावी येऊन पडतो. गावकरी एकाहून एक तऱ्हेवाईक निघतात. तो आधी चिडतो, मग रमतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य अशाच नेमणुकांत गेलेले असल्यामुळे हा साचा कोठे खरा वाजतो आणि कोठे बद्द, हे पारखण्याचा त्यांचा अधिकार मोठा आहे.

या जातीची सर्वांत सरस मालिका आमच्या मते 'नॉर्दर्न एक्स्पोजर' (१९९०–९५) ही होय. अलास्का राज्याच्या पैशाने डॉक्टर झालेला न्यूयॉर्कचा जोएल फ्लायशमन कराराने बांधला जातो, आणि अँकरेजसारख्या शहराची आशा धरून बसलेला असताना सिसिली नामक चिमुकल्या वस्तीत येऊन पोहोचतो. तेथील मूळ रहिवाशांपैकी मॅरिलिन ही बाई दवाखान्यात नोकरीसाठी येते. जागा नाही, असे तो बजावतो. ती वाद घालत नाही आणि जातही नाही. पुढे दवाखान्याचा कारभार तिच्याच हाती येतो. तिच्या त्या निर्विकार मौनापुढे आरडाओरड करणारा डॉक्टरच चमत्कारिक दिसू लागतो. विक्षिप्त कोण, हा प्रश्न येथे उलटा फिरतो. गावाला स्वतःचे उद्योग, स्वतःचे रुसवेफुगवे आहेत. डॉक्टर पाहत नसतानाही गाव जगत असते.

त्याच वर्षी आलेल्या 'ट्विन पीक्स'मधील गुप्तपोलीस अधिकारी कूपर कॉफीवर आणि वनराईवर लुब्ध होतो, पण तेथील गमतीच्या पडद्याआड घराघरांत भयंकर काही शिजत असते. उलट 'डॉक मार्टिन' (२००४–२२) या इंग्लिश मालिकेत रक्त पाहून कासावीस होणारा लंडनचा शल्यविशारद कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर येतो, आणि दहा पर्वे उलटली तरी गावकऱ्यांचे मुख्य काम त्याला सतावण्याचेच राहते. करमणूक होते, इतकेच.

आपल्याकडील 'पंचायत' (२०२० पासून) मात्र सविस्तर विचार मागते, कारण तिचा नायक अभिषेक त्रिपाठी हा आमच्या वाचकांच्याच पंक्तीतला, सरकारी चाकर आहे. बलिया जिल्ह्यातील फुलेरा गावी, दरमहा वीस हजारांवर, तो ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून येतो. पहिल्याच दिवशी कचेरीची किल्ली सापडत नाही. पुढे तो पदरमोड करून चाकांची खुर्ची आणतो, तर तिच्यापायी प्रधानपतींचा मान दुखावतो. कचेरीतील मानापमान ज्याने सोसले आहेत, त्याला या खुर्चीचे वजन वेगळे सांगावयास नको. पहिल्या पर्वाच्या अखेरीस, निवडून आलेल्या पण घरातच राहिलेल्या मंजूदेवी प्रजासत्ताकदिनी स्वतः झेंडा फडकवतात, राष्ट्रगीत म्हणतात. त्यांस ते शिकवण्याचे काम सचिव करू शकला, याचे कारण तो गावात कोणाचाच नव्हता.

पुढील पर्वांत हेच भांडवल लेखकांनी उधळून टाकले, अशी आमची तक्रार आहे. तिसऱ्या पर्वात (२०२४) सचिवाची बदली होते, तेव्हा नवा सचिव रुजूच होऊ नये म्हणून प्रधानांची मंडळी खटपट करतात. चौथ्यात (२०२५) निवडणुकीच्या धामधुमीत तो उघडउघड एका बाजूचा झालेला दिसतो. मालिका याला जिव्हाळा म्हणते. गावाशी एकरूप होणे आणि गावातील एका तटाशी एकरूप होणे यांतील अंतर तिला जाणवतच नाही. विरोधी तटातील मनुष्याने दाखला मागण्यास कोणाकडे जावे? रघुवीर यादव आणि नीना गुप्ता यांच्या अभिनयाने हे छिद्र झाकले जाते, बुजत नाही.

आणखी एक उणीव या सर्वच मालिकांत आढळते. नायकाला भाषेची अडचण कोठेच पडत नाही. बंगाल्यात वा तमिळ मुलुखात पहिले बिऱ्हाड मांडणाऱ्यास भाजीवाल्याशी बोलतानाच परकेपणाचा पहिला धडा मिळतो. तो धडा गिरवणारी मालिका आमच्या पाहण्यात नाही. फ्लायशमन मात्र शेवटच्या पर्वात न्यूयॉर्कला निघून जातो, आणि सिसिलीचे काही अडत नाही. मालिकाच तेवढी लवकर संपते.