‘अपलोड’ बटणाच्या आड

उन्हाळ्यात उजनीकाठच्या गावांत एक आकडा सर्वांच्या तोंडी असतो : धरण वजा इतके टक्के. बाहेरच्या माणसाला हे कोडेच वाटते. पाणी शून्याहून कमी कसे असेल? करमाळा-माढ्याकडचा शाळकरी मुलगा मात्र लगेच सांगेल, की इथले शून्य तळाशी नसून मृतसाठ्याच्या पातळीवर आहे. सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी या शून्याच्या खाली येतो. म्हणून ‘वजा ५० टक्के’ असतानाही धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. शून्य कोठे धरायचे हे बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आधी ठरवलेले असेल, तरच आकड्याला अर्थ येतो.

हे सांगण्याचे कारण म्हणजे शाळांतून आलेला आर्डुइनो बोर्ड. हा बोर्ड २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे तो आपल्याकडील अनेक शाळांत पोहोचला. त्याचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावली भरायला बहुधा वेगळे उपकरण लागे. आर्डुइनोच्या चिपमध्ये ‘बूटलोडर’ नावाची एक छोटी आज्ञावली आधीच बसवलेली असते. त्यामुळे साधी यूएसबी तार पुरते. संगणकावर ‘अपलोड’ बटण दाबले की काम झाले.

आमची तक्रार याच बटणाविषयी आहे. उजनीकाठच्या एका शाळेत मुलांना टाकीतील पाण्याची पातळी पाहून मोटर बंद करणारे यंत्र करायचे होते. पाणी मागे सरकले की पंप आणि पाइप पुढे न्यावे लागणाऱ्या गावांत हा विषय मुलांनी स्वतःहून निवडावा, यात नवल नाही. परंतु अपलोड काही होईना. पडद्यावर संदेश येई : ‘प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पॉन्डिंग’. तार काढून पुन्हा लावा, संगणक बंद करून चालू करा, याखेरीज आम्हालाही काही सुचेना. दुपारपर्यंत मुलांनी दोन निष्कर्ष काढले : बोर्ड बिघडला आहे किंवा आपल्याला हे जमण्यासारखे नाही. दोन्ही चूक होते. बोर्ड मात्र कपाटात गेला.

बटणाआड घडते काय? संगणक प्रथम चिपला रीसेट करतो. बूटलोडर जागा होतो आणि थोडा वेळ, ऊनो बोर्डवर सुमारे एक सेकंद, हाकेची वाट पाहतो. संगणक एक ठरलेली खूण पाठवतो. बूटलोडरने ठरलेले उत्तर दिले, तरच पुढचे बोलणे होते. मग आज्ञावलीचे १२८ बाइटचे तुकडे एकामागून एक जातात. दिवा लुकलुकवणारी सुमारे ९०० बाइटची आज्ञावली आठ तुकड्यांत जाते. शेवटी संगणक लिहिलेले सर्व परत वाचून ताळा पाहतो. ही शिस्त कौतुकास्पद आहे.

या बोलण्यात ताल धरणारी वेगळी तार नसते. वेग दोघांनी आधी ठरवावा लागतो. ऊनोचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, तर जुन्या नॅनो बोर्डांचा ५७,६००. निवड चुकली की एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. चुकीचा पोर्ट, चुकीचा बोर्ड, जुना बूटलोडर किंवा ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना जोडून ठेवलेले ब्लूटूथ, या चारही चुकांवर बहुधा तोच संदेश येतो. बोलणे कोणत्या पायरीवर तुटले ते तो सांगत नाही. अपलोडची वाट आणि प्रयोगासाठी दिलेल्या पिना एकच ठेवणे, हाही रचनेतील दोषच. तार फक्त चार्जिंगची असेल तर पोर्ट दिसतच नाही. हा भेदही कोणी मुलांना दाखवत नाही.

कोणी म्हणेल, मुलांना एवढे खोलात कशाला न्यायचे? बटण सोपे आहे म्हणूनच बोर्ड शाळेत आला, हे खरेच. पण सोपेपणा चालू असेपर्यंतच सोपा असतो. पाबळच्या विज्ञान आश्रमाने ‘करता करता शिकणे’ हे तत्त्व रुजवले. ज्या करण्यात का आणि कसे विचारायला जागा नाही, त्यातून फक्त सवय लागते.

यासाठी खर्चही नाही. वर्गात दोन मुलांना एक टॉर्च द्या. चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. गप्प असताना टॉर्च चालूच ठेवायचा. सुरुवातीची खूण म्हणून एक शून्य, मग आठ बिट, शेवटी एक १. इंग्रजी मोठ्या ‘ए’ अक्षराचा संकेत ६५, म्हणजे ०१०००००१. धाकटा बिट आधी पाठवायचा असल्याने टॉर्च असा चालेल : ०, १, ०, ०, ०, ०, ०, १, ०, १. पाठवणाऱ्याने मनात मोजून दर सेकंदाला एक खूण द्यावी, घेणाऱ्यानेही मनातच मोजावे. नंतर घेणाऱ्याला दोन सेकंदांनी एकदा पाहायला सांगा. अक्षर चुकेल, आणि वेग जुळवणे म्हणजे काय हे मुलांना कायमचे कळेल. मोठ्या विद्यार्थ्यांना विचारा : दहा बिटांत अर्ध्या बिटाहून जास्त घसरण चालत नसेल, तर दोघांच्या वेगात किती फरक चालेल? उत्तर पाच टक्क्यांच्या आसपास येते.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर बटण खुशाल दाबावे. ‘वजा ५० टक्के’ ऐकून न घाबरणारी मुले ‘उत्तर येत नाही’ या संदेशालाही घाबरणार नाहीत. काय ठरले होते आणि ते कोठे मोडले, असे ती विचारतील. हा प्रश्न त्यांना विचारता आला, तर बोर्डांनी भरलेली कपाटे उघडतील.