चिपची ओळख आणि तिचा पुरावा

लिनक्सच्या गाभ्यातील ड्रायव्हरवर आलेल्या पॅचचे परीक्षण म्हणजे केवळ लेखनशुद्धी तपासणे नव्हे. सॅमसंगच्या एक्झिनॉस चिप ओळखणाऱ्या ‘एक्झिनॉस-चिपआयडी’ या ड्रायव्हरमध्ये २०२१ साली झालेली सुधारणा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

२०१९ साली गाभ्यात दाखल झालेला हा ड्रायव्हर चिपमधील ३२ बिटांचे एक रजिस्टर वाचीत असे. त्याच्या वरच्या २० बिटांत उत्पादनक्रमांक आणि खालच्या ८ बिटांत आवृत्ती, अशी जुन्या चिपांची रचना होती. एक्झिनॉस ८५० मध्ये मात्र आवृत्ती १६ बाइट पुढच्या निराळ्या रजिस्टरात गेली. सुधारणाकाराने आवृत्तीच्या रजिस्टराचे स्थान व बिटांची जागा सांगणारा छोटा तक्ता प्रत्येक जातीसाठी केला. जुन्या चिपांचे वर्तन न बदलता हे प्रथम साधले, आणि नवी चिप पुढच्या पॅचमध्ये जोडली. ही विभागणी नि:संशय प्रशंसनीय होय.

परंतु तक्त्यातील कोणती नोंद घ्यावयाची, हे ठरते डिव्हाइस ट्रीतील नावावरून. म्हणजे चिपला विचारण्यापूर्वीच कोणीतरी तिची जात सांगून ठेवलेली असते! आमच्या यवतमाळकडे गाठीवर शिक्का असला तरी जाणता व्यापारी रुई बोटांनी ओढून धागा पाहतोच. येथे तसे होत नाही. नव्या चिपला चुकून जुन्या जातीचे नाव लागले, तर उत्पादनक्रमांक बरोबर निघेल, परंतु त्याच रजिस्टरातील खालचे बिट आवृत्ती म्हणून उचलले जातील, आणि ड्रायव्हर अवाक्षरही काढणार नाही. सदोष आवृत्तींसाठी निराळी वाट धरणे हे गाभ्यातील नित्याचे काम असल्याने ही चूक क्षुल्लक मानता येत नाही. वस्तुत: उत्पादनक्रमांक हाती आल्यावर सांगितलेल्या जातीशी तो ताडून पाहणे मुळीच कठीण नव्हते.

अनोळखी क्रमांक आढळल्यास ड्रायव्हर नोंदणी नाकारतो, हे योग्यच. अंदाजाने नाव देण्यापेक्षा नकार बरा. मात्र ओळख पटल्यावर तो क्रमांकासह सविस्तर संदेश छापतो, आणि न पटल्यास ‘अज्ञात चिप’ एवढेच सांगून थांबतो. क्रमांकाची खरी गरज ज्याला आहे, त्यालाच तो मिळत नाही.